छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? आधी ती रात्री कुठे उभी राहणार ते सांगा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरात 20 वर्षं जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली स्वतःचं पार्किंग. नोकरीसाठी रोज इचलकरंजीला जाऊन-येऊन 60 किलोमीटर. महिन्यातून एखादी फेरी मालवणजवळच्या गावी. शंका तीन: गाडी वाटेत बंद पडेल का, बॅटरी गेली तर काय, आणि पैसे खरंच वाचतात का. टाटाची टियागो ईव्ही घ्यावी, एमजीची कॉमेट घ्यावी की गप पेट्रोल, हे शेवटी विचारलंत.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. 22 वर्षं घरांचं आणि लहान कारखान्यांचं वायरिंग करतोय. मार्च 2023 पासून टियागो ईव्ही वापरतो, मोठ्या बॅटरीची, म्हणजे 24 किलोवॅट-तासांची. वीजबिलाच्या भाषेत 24 युनिट. आजवर 58 हजार किलोमीटर झाले. शिवाय चाळीसेक लोकांना घरी गाडीसाठी लाइन ओढून दिली आहे, त्यामुळे गाडीइतकाच मला प्लगचा अनुभव आहे.

आणि म्हणूनच सांगतो, तुम्ही विचारलेल्या तिन्ही शंकांच्या आधीची चौथी शंका तुम्ही विचारलीच नाही. रोजच्या 60 किलोमीटरला कुठलीही इलेक्ट्रिक गाडी पुरते. ती रात्री जिथे उभी राहणार तिथे चांगला प्लग आहे का, यावर तुमचं पुढचं सगळं सुख-दुःख ठरणार आहे. ज्यांच्याकडे तो होता त्यांच्यातल्या एकानेही मला गाडीबद्दल कुरकुर केलेली नाही. ज्यांनी 'बघू, बाहेर चार्ज करू' म्हणून गाडी आणली, त्यांच्यातल्या दोघांनी ती वर्षभरात विकली.

प्लग म्हणजे काय, घरात गीझरचा असतोच की, असं सगळे म्हणतात. मीही तेच म्हणालो होतो. गाडी आली त्या आठवड्यात मी पोर्चमधल्या जुन्या 15 अँपिअरच्या पॉवर प्लगला चार्जर लावला. त्या प्लगवर कधीमधी पाण्याची मोटर चालायची. बाराव्या रात्री जळका वास आला म्हणून बायकोने उठवलं. खाली जाऊन पाहिलं तर सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन पापडासारखं फुगलं होतं आणि चार्जरच्या पिनवर काळा डाग. लोकांची वायरिंग करणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कारण साधं आहे. गीझर 15-20 मिनिटं चालतो आणि बंद होतो. सॉकेट गरम झालंच तर थंड व्हायला दिवसभर असतो. गाडीचा चार्जर 12-13 अँपिअर सलग सहा-सात तास ओढतो. स्क्रू किंचित ढिला असेल, आतली पितळी पट्टी सैल झाली असेल, तर ते गीझरला कधी कळत नाही, गाडीला पहिल्या पंधरवड्यात कळतं. वायरचंही तसंच. जुन्या इमारतींत पॉवर प्लगलासुद्धा दीड एमएमची वायर घातलेली मी कित्येकदा पाहिली आहे. 25 मीटर लांब दीड एमएमच्या वायरमधून 13 अँपिअर नेले तर त्या वायरीतच साधारण 100 वॅट उष्णता होऊन जातात. जुना शंभरचा बल्ब भिंतीच्या आत रात्रभर पेटवून ठेवल्यासारखं.

म्हणून मी आता सगळीकडे एकच पद्धत ठेवली आहे. मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइन, तांब्याची 4 एमएम वायर, मध्ये जोड नाही. तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच. शेवटी घरगुती सॉकेटऐवजी निळं इंडस्ट्रियल सॉकेट किंवा चांगल्या कंपनीचं जाड पट्टीचं. एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्याही परिस्थितीत नाही. 20-25 मीटर अंतराला हे सगळं मजुरीसकट 12 ते 18 हजारांत बसतं.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. लोकांना वाटतं तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणजे वायर तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडायची. तसं नाही. तुमचा मीटर बहुधा खालीच आहे, जिन्याखालच्या मीटरबोर्डवर. लाइन तिथूनच पार्किंगला न्यायची. वीज तुमच्या मीटरची, बिल तुमचं, सोसायटीच्या कॉमन मीटरशी संबंध नाही. मंजूर भार मात्र बघा. जुन्या फ्लॅटना 1-2 किलोवॅटचाच असतो. महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्या. घरात एसी, गीझर आणि खाली गाडी असं धरून 5-6 किलोवॅट लागेल. गाडीसाठी वेगळा मीटरही मागता येतो. त्याला चार्जिंगचा वेगळा दर लागतो, घरगुती स्लॅब लागत नाहीत. ज्यांचा घरचा वापरच मोठा आहे त्यांना तो परवडतो. तुमचं दोन-तीन महिन्यांचं बिल पाहिल्याशिवाय यावर मी हो-नाही म्हणणार नाही.

राहिली सोसायटीची कमिटी. आमच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. एका इमारतीत चार महिने 'आग लागली तर जबाबदार कोण' एवढ्यावर अडलं होतं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत घरी किंवा ऑफिसात आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा दिलेली आहे. ती प्रत अर्जाला जोडा. पण कागदापेक्षा माझा अनुभव असा की नकाशा घेऊन गेलं की काम होतं. पाइप कुठून जाणार, एमसीबी कुठे, काम कोण करणार, टेस्ट रिपोर्ट कोण देणार. सेक्रेटरींना घाबरवणारी गोष्ट वीज नसते, उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं ही असते. त्यांच्या हातात उत्तर दिलं की सही मिळते.

आणखी एक गोष्ट अर्थिंगची. नुसती वीज आहे म्हणून चार्जर चालत नाही. अर्थिंग बरोबर नसेल तर तो लाल दिवा दाखवून गप्प बसतो, आणि बसतो तेच बरं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघायचं. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. पावसाळ्यात ठणठणीत असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की दगा देतं. मला दर उन्हाळ्यात असे फोन येतात: 'काल रात्रीपर्यंत चालू होतं, गाडी बिघडली.' मी सांगतो, आधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने फोन करा. बहुतेकांचा पुन्हा फोन येत नाही. कायमचा इलाज म्हणजे नवीन अर्थ रॉड, पण तो सोमवारी. रविवारी रात्री बादलीच कामाला येते.

प्लगचं झालं. आता तुमच्या शंका.

रेंज. गाडी बाजारात आली तेव्हा टियागोच्या मोठ्या बॅटरीला कंपनीचा चाचणीतला आकडा 315 किलोमीटर होता, लहान 19.2 युनिटच्या बॅटरीला 250. हे आकडे विसरा. माझ्या वापरात मोठीला 190 ते 210 मिळतात. लहानवाल्यांकडून 140-150 ऐकतो. फरक वेगाचा आहे. 75-80 वर एका युनिटमागे 9 किलोमीटर आरामात जाते. पुणे हायवेवर 100 धरली की 7 वर येते. एसीला तासाला साधारण एक युनिट धरा, म्हणजे तुमच्या रोजच्या प्रवासात 10-12 किलोमीटरचं भाडं. सिग्नलला, गर्दीत उभी राहिली तर एसी सोडून फार काही खात नाही. पेट्रोल गाडीच्या सवयीने आपल्याला उलटं वाटतं. शहरात कमी, हायवेला जास्त ॲव्हरेज अशी आपली धारणा. हिला शहर मानवतं.

तुमचे 60 किलोमीटर म्हणजे बॅटरीतले साडेसहा-सात युनिट. रात्री दहाला प्लग लावलात तर एक-दीडपर्यंत गाडी भरलेली. महिन्याभरात मला तर टक्के बघायची सवयच गेली. मोबाइल लावतो तशी गाडी लावायची.

मालवणचं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथेच माणसं घाबरतात. माझी सासरवाडी त्याच बाजूला, त्यामुळे राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाट-कणकवली हा रस्ता मला पाठ आहे. एकूण साधारण दीडशे किलोमीटर. गेल्या खेपेला आम्ही चौघं, एसी चालू-बंद. घरून 100 टक्क्यांनी निघालो, दाजीपूरच्या वर घाटाच्या तोंडाशी 61 राहिले. मागे बसलेल्या मेव्हण्याचा चेहरा उतरला. घाट उतरून फोंड्यात आलो तर 65. त्याने पुढे वाकून आकडा दोनदा बघितला. यात जादू काही नाही. गाडी आणि माणसं मिळून साधारण 1400 किलो वजन 600 मीटर खाली येतं, त्यात सव्वादोन युनिटांची ताकद असते. काही टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात जाते, काही मोटर जनित्रासारखी चालून बॅटरीत भरते. टियागोत त्याची पातळी निवडता येते. घाटात मी तिसरी ठेवतो, ब्रेकवर पाय क्वचित जातो. सासरी पोचलो तेव्हा 38 टक्के उरले होते.

आता येताना हाच हिशोब उलटा. तोच घाट चढायचा, म्हणजे जाताना 62 टक्के लागले तिथे येताना 78-80 लागतात. 100 ने निघालात तर कोल्हापुरात 20 च्या आसपास पोचाल, आणि मे महिन्यात एसी धरून त्याहून कमी. म्हणजे गावी रात्रभर चार्जिंग मिळालंच पाहिजे, ही अट. आणि गावचा प्लग म्हणजे पुन्हा तीच कहाणी, शिवाय कमी व्होल्टेजची भर. सासऱ्यांकडे पहिल्या खेपेला संध्याकाळी साडेसातला चार्जर लावला, दर पाच मिनिटांनी टक् करून बंद. मीटर लावला तर 178 व्होल्ट. सगळ्या वाडीचे पंखे, टीव्ही, पंप चालू. अकरानंतर लावला तर 215 आणि सकाळी गाडी भरलेली. सासरे ओटीवरून बघत होते. म्हणाले, "म्हंजे गाडियेक पण राती चारो घालूचो लागता!" तेव्हापासून मी जेवण झाल्यावरच चारा घालतो. तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा गाडी घ्यायच्या आधीच रात्री आठला आणि अकराला व्होल्टेज मोजून या. अडीचशे रुपयांच्या मल्टिमीटरचं काम आहे.

जाता जाता: जे लोक घाटावर राहून खाली उतरतात, म्हणजे समजा महाबळेश्वरला मुक्काम केला आणि सकाळी 100 टक्के भरून निघाले, त्यांना उतारावर मोटरची ती रोखणारी ओढ मिळत नाही. बॅटरीत जागाच नसते, भरायचं कुठे? अशा वेळी ब्रेकवर भिस्त ठेवा आणि शक्यतो 85-90 वरच प्लग काढा.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर ही गाडी 10 ते 80 टक्के तासाभरात होते. मिसळ, चहा आणि एक फोन. पुण्याला जाताना मी कराड-साताऱ्याच्या टप्प्यात एकदा थांबतो. पण त्या चार्जरवर आयुष्य उभं करू नका. मला एकदा चार्जरसमोर पेट्रोल गाडी लावून मालक जेवायला गेलेला भेटला, एकदा गन बसली पण नेटवर्क नाही म्हणून चार्जिंग सुरूच झालं नाही. दोन्ही वेळेला वाचलो ते एका सवयीमुळे: 25 टक्के हातात असतानाच थांबायचं आणि पुढचा पर्याय 20 किलोमीटरच्या आत आहे हे आधी बघून ठेवायचं.

पैसे. तुमचे महिन्याचे 1500 किलोमीटर धरतो. प्लगपासून बॅटरीपर्यंत 10-12 टक्के गळती धरून 185-190 युनिट वाढतील. घरगुती स्लॅबमध्ये वरची युनिटं महाग पडतात. माझ्या बिलात गाडीचं युनिट 13 रुपयांच्या आसपास पडलं. म्हणजे अडीच हजार. पेट्रोलची तेवढीच गाडी लिटरला 16 देत असेल तर 94 लिटर, 105 रुपयांनी पावणेदहा हजारांच्या पुढे. महिन्याला सात हजार वाचतात. पेट्रोल आणि इलेक्ट्रिकमधला किमतीचा फरक साडेतीन लाखांच्या घरात असेल तर तो भरून यायला चार वर्षांच्या थोडं वर. सीएनजीशी तुलना केलीत तर हे अंतर बरंच वाढतं, ते लपवत नाही. आणि सगळं चार्जिंग बाहेर, 20-25 रुपये युनिटने केलंत तर सीएनजीपुढे हिचा फायदा जवळजवळ उरत नाही. म्हणजे फिरून आपण त्याच प्लगपाशी आलो.

दिवसाला 20-25 किलोमीटरच फिरणाऱ्याला मी पैशासाठी ही गाडी घ्या म्हणून सांगत नाही. त्याने आवडते म्हणून घ्यावी.

बॅटरीवर कंपनीची 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर यांतलं जे आधी होईल तितकी वॉरंटी आहे. तुमचे वर्षाचे 20 हजार धरले तर दोन्ही एकदमच संपतात. माझ्या गाडीत 58 हजारांनंतर रेंज फार तर 10 किलोमीटरने घटली आहे, तेही हिवाळा-उन्हाळ्याच्या फरकात हरवून जातं. नवव्या वर्षी काय होईल याची हमी मी देणार नाही. मी स्वतःच्या हिशोबात आठव्या वर्षी गाडीची किंमत जवळपास शून्य धरली आणि तरीही परवडते का ते पाहिलं. तुम्हीही तसंच बघा. रिसेल आज कमी आहे आणि नवीन मॉडेलं येतील तशी जुनी पडतील. एक करा, पंधरा दिवसांतून एकदा तरी 100 टक्क्यांपर्यंत भरा. या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसं हलत नाही, त्यामुळे गाडीचा टक्क्यांचा अंदाज भरकटतो. पूर्ण भरली की तो ताळ्यावर येतो.

आणि गंमत म्हणजे मला रस्त्यात उभं केलं ते मोठ्या बॅटरीने नव्हे. बोनेटखाली नेहमीची 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. मी हौसेने डॅशकॅम थेट तिला जोडला आणि गाडी आठ दिवस लावून परगावी गेलो. आलो तर 80 टक्के चार्ज असलेली गाडी दारसुद्धा उघडेना. शेजाऱ्याच्या स्कूटरच्या बॅटरीवरून जागी केली. चूक सर्वस्वी माझी.

बाकी रोजच्या गोष्टी. ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. टायर मात्र 38 हजारांतच बदलले, कारण उचल जोरात आहे आणि माझा पाय काही साधू-संताचा नाही. आवाज नसल्यामुळे महाद्वार रोडला माणसं हटत नाहीत. सुरुवातीला हॉर्न वाजवायचो, आता काच खाली करून "अहो काका" म्हणतो, ते लवकर चालतं. पावसात चार्ज करायला हरकत नाही, फक्त सॉकेट कमरेच्या वर आणि आडोशाला हवं. बॅटरीला आयपी67 दर्जा आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण आपल्या पुरात पाणी अर्ध्या तासात उतरत नसतं. 2019 आणि 2021 दोन्ही आपण पाहिले. तुमची इमारत नदीच्या अंगाला असेल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्यावर आली की गाडी उंचावर नेऊन लावा आणि पार्किंगचा एमसीबी पाडा. 43 च्या धोका पातळीची वाट बघू नका.

तर कुठली घ्यायची? कॉमेटची बॅटरी 17.3 युनिटची. शहरात फिरायला झकास गाडी आहे, पण तुमच्या मालवणसाठी नाही. 19.2 ची टियागो इचलकरंजीला पुरेल, घाटाला पुरणार नाही. तुम्हाला 24 वालीच लागेल. गावच्या फेऱ्या एसटीने किंवा भावाच्या गाडीने होणार असतील तर लहान बॅटरी घेऊन पैसे वाचवा. आणि कमिटीने नाहीच म्हटलं, तर गाडीचं बुकिंग करू नका, आधी कमिटी.

बुकिंगची घाई करण्याआधी उद्या सकाळी खाली जाऊन मीटरबोर्डाचा आणि तुमच्या पार्किंगच्या जागेचा असे दोन फोटो काढा. मधलं अंतर पावलांनी मोजा, बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तो बघा आणि हे सगळं इथे टाका. वायर किती लागेल आणि कुठून न्यायची ते सांगतो.